काहिलीपाशी नोएमी

आमच्या पुरिस्कालच्या डोंगरात म्हाताऱ्या सांगतात, ज्याच्या बुबुळाभोवती तांबूस कडं उमटतं त्याला मेलेली माणसं दिसतात. माझी बहीण नोएमी सतराव्या वर्षी पिवळी पडून, पोटात पाणी होऊन गेली. तिच्या डोळ्यांत ते कडं होतं. पुढं धाकट्या भावाच्या, एवेलिओच्या डोळ्यांतही आलं. त्याचे हात थरथरू लागले, आणि नोएमी घरामागच्या आमच्या गुऱ्हाळात, रस आटवायच्या काहिलीपाशी उभी असते, असं तो सांगू लागला.

सान होसे शहरातल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. "हे रक्तातून आलंय. खाण्यातलं तांबं याचं यकृत बाहेर टाकत नाही. ते डोळ्यांत साठतं, मेंदूतही जातं. गोळ्या जन्मभर, उपाशीपोटी. चॉकलेट बंद, तांब्याच्या काहिलीतला गूळ बंद. गोळ्या सोडल्या तर हा बहिणीच्याच वाटेनं जाईल. आणि तुम्हीही तपासून घ्या." मी धडधाकट होते. टाळलं.

गोळ्यांनी एवेलिओचे हात थांबले, नोएमीही येईनाशी झाली. मग ती पुन्हा येऊ लागली, आणि त्याचे पाय सुजले.

मला संशय होताच. एका सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर आईनं त्याच्यापुढं काहिलीतल्या गुळाचं पाणी ठेवलेलं. गोळ्यांची डबी तिच्या एप्रनच्या खिशात.

"आज काय म्हणाली रे माझी लेक?"

"थंडी वाजते म्हणाली."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "आई, एक गेली. आता याला पाठवतेस तिच्या सोबतीला?"

"गोळी दिली की ती येत नाही गं. आजचा दिवस राहू दे. तिला अजून दुखतं का, एवढंच विचारायचंय."

तिच्याशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी सरळ थाप मारली. "मलाही दिसते ती. ती बघ, दाराबाहेर, काहिलीपाशी. म्हणते, भावाला गोळी द्या."

एवेलिओ हसला. "तिथं कुठं? तुझ्या मागं उभी आहे."

मानेवर गार बोटं टेकली. नोएमी केसांना लावायची त्या तेलाचा वास आला. मागं वळायची मला हिंमत झाली नाही.

आईनं माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं फिरवलं आणि माझ्या बुबुळांच्या कडा न्याहाळल्या. मग तिनं डबी काढून एवेलिओच्या हातावर गोळी ठेवली, गुळाचं पाणी ओतून टाकलं.

"आवर पोरी," ती म्हणाली. "सान होसेची बस चुकायला नको. तुझेही डोळे दाखवायचेत."