एकाच नावाच्या दोघी

मी ओतिलिया त्सोक. फिरत्या संगणक-दुरुस्तीची गाडी आमच्या डोंगरात पहिल्यांदा मी आणली. पूर्वी कुणीही भेटलं की हे मी पहिल्या वाक्यातच सांगायची. आता कुणी विचारलं तरी विषय बदलते.

राजधानीत आठ वर्षं एका ऑफिसात संगणक सांभाळले आणि डोक्यात एक खूळ घेऊन गावी परत आले. आमच्याकडे सुईणींची संस्था आहे, मधवाल्यांची आहे, विधवा बायकांची आहे. कुणीतरी परदेशी त्यांना वापरलेला संगणक देणगीत देतं, वर्षभरात तो बंद पडतो, मग त्याच्यावर कापड घालून वर मक्याची टोपली ठेवतात. ही माणसं शहरात यायची नाहीत, तर आपण त्यांच्या दारात जावं, असं माझं म्हणणं. जुनी मायक्रोबस घेतली, मागची बाकं काढून टेबल ठोकलं आणि महिन्याची फेरी आखली, दिवसाला दोन संस्था. चुलतभाऊ बाल्तासार गाडी चालवायचा. तो चिडवायचा की तू गाडीतून मोठ्या डॉक्टरीणबाईसारखी उतरतेस. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

चुइसाक गावच्या बायकांची संस्था त्या फेरीत होती. लढाईच्या वर्षांत ज्यांची माणसं घरातून उचलून नेली आणि परत आलीच नाहीत, त्या घरांतल्या या बायका. पंधरा वर्षं खपून त्यांनी एक यादी केली होती. कोण नाहीसं झालं, त्या दिवशी अंगावर काय होतं, कोणता दात पडलेला होता, सगळं. पाहिलेल्या माणसाने सांगायचं आणि त्यांच्यातल्याच रोसेंदाने एका बोटाने टाइप करायचं. शोधणाऱ्या नातेवाइकांनी हाडांशी रक्ताचं नातं जुळवायच्या तपासणीला लाळ दिली, तर त्यांची नावंही तिने त्याच यादीत खाली खाली जोडली होती. आधी हे सगळं वह्यांत होतं. वह्यांना कसर लागते, मशीनमध्ये ठेवा, असं मीच त्यांना पहिल्या भेटीत शिकवलं होतं. त्यांनी विश्वासाने वह्या चुलीत घातल्या.

त्या दिवशी मी त्यांच्यासाठी जरा बरा संगणक नेला होता. यादी त्यावर घेताना दिसलं, नोंदी चारशे बारा आणि त्यातली एकसष्ट नावं दोनदोनदा. मी रोसेंदाला टोमणा मारला की एकच माणूस दोनदा लिहायला तुला कंटाळा कसा येत नाही. ती काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, असू दे, मी बघते. अकरा वाजून गेले होते आणि मधवाले बारापासून वाट बघत बसणार होते. एक बटण दाबलं की जोडीतली जुनी नोंद जाते, नवी राहते. दाबलं. जुनी डिस्क कोरी करून सुईणींच्या मशीनसाठी पिशवीत टाकली. बायकांनी मक्याच्या पिठाचे उकडलेले तामालितो आणि रस्सा वाढला, निघताना पाय बांधलेली कोंबडी गाडीत ठेवली. मी ती घेतलीसुद्धा.

आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही जे कळतं, ते मला त्या वेळी सुचलं नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव नातवंडाला देतात. नुसतं नाव देतात असं नाही, ते माणूस परत आलं असंच धरतात. माझं नाव माझ्या आजीचं. माझा बाप मला अजून 'नान' म्हणतो, म्हणजे आई. आणि मी, ओतिलियाची ओतिलिया, शहरातून शहाणपणा शिकून आले आणि एका नावाची दोन माणसं असू शकतात हे विसरले. काय म्हणावं अशा बाईला?

सात महिन्यांनी सैन्याच्या जुन्या छावणीमागच्या खड्ड्यात हाडं सापडली. तीन बायकांची होती. वर चुना टाकलेला, त्यामुळे लाळेची तपासणी जुळेना. कपड्यांच्या चिंध्या आणि कमरेचे विणलेले पट्टे तेवढे शिल्लक होते. हाडं तपासणारे लोक म्हणाले, यादी आणा, कपड्यांवरून ओळख लावू. रोसेंदाने मशीन उघडलं. संस्थेतल्या नान फर्मिनाची आई त्रान्सिता इश्कोय यादीत नव्हती. त्या नावाने एकच नोंद होती, फर्मिनाच्या मुलीची, लाळ दिल्याच्या तारखेसह. आई नेली तेव्हा फर्मिना अंगावर पिणारी. त्या दिवशी आईच्या अंगावर काय होतं ते पाहिलेली एकटी मावशी होती, तिने ते रोसेंदाला सांगितलं होतं, आणि ती आदल्या वर्षी वारली होती.

मला बोलावणं आलं. मी गेले, मशीनसमोर बसले आणि दोन मिनिटांत मला सगळं कळलं. मागे बायका उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, रोसेंदाचं बोट घसरलं असेल. तेव्हाच तोंड उघडायचं होतं. मी म्हणाले, असं होतं कधीकधी. रोसेंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात बायकांनी तिच्याकडून मशीनच्या खोलीची किल्ली काढून घेतली.

डिस्क परत मिळवायला मी सुईणींकडे धावले. तिच्यावर सहा महिन्यांचे जन्म लिहिलेले होते, खालचं काही निघेना. घरी मी सगळ्यांवर खेकसायला लागले. बाल्तासार म्हणाला, तुला झालंय काय? त्यालाही सांगितलं नाही. इतकी लाज की आरशात बघून वेणी घालवेना.

शेवटी हाडांच्या तिन्ही पेट्या संस्थेच्या खोलीत आणल्या त्या दिवशी गेले. जमिनीवर पसरलेल्या पाइनच्या पात्यांवर पेट्या मांडलेल्या, भोवती मेणबत्त्या, भिंतीशी संस्थेतल्या घरांची माणसं. रोसेंदा दाराशी उभी होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं की बोट रोसेंदाचं नव्हतं, माझं होतं, तिला सांगू दिलं नाही, आणि त्या दिवशी गप्प बसून तिला बदनाम केलं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

नान फर्मिना उठली. मला वाटलं, हाकलून देईल. तिने माझा दंड धरला आणि पेट्यांपाशी नेलं. प्रत्येक पेटीवर धुतलेल्या पट्ट्याचा तुकडा ठेवला होता. एक लाल, एक काळा पांढऱ्या रेघांचा, एक कसल्याशा रंगाचा, मातीने खाल्लेला.

"तुझी लाज मला नको, पोरी," ती म्हणाली. "पुसायच्या आधी दोन्ही नोंदी तुझ्या डोळ्यांसमोर होत्या ना? मावशीने पट्ट्याचा रंग सांगितला होता. कोणता?"

मी तिन्ही तुकडे पाहिले. लाल म्हणाले असते तर त्यांनी लाल मानला असता. तीच पेटी आई म्हणून पुरली असती, दर नोव्हेंबरात मेलेल्यांच्या दिवशी तिच्यावर फुलं वाहिली असती, आणि मी सुटले असते. बोट उचललंही होतं.

"मला माहीत नाही, नान," मी म्हणाले. "मी वाचलं नव्हतं."

"समोर होतं तरी?"

"हो."

"मग काय बघत होतीस?"

"खालचा आकडा," मी म्हणाले. "किती नोंदी कमी झाल्या, तो."