शेवग्याची सुकी फांदी

माझा छापून आलेला पहिला लेख गोळेकाकांनी कात्रीनं नीट कापला, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि फांदी तोडायच्या अर्जाला जोडला. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत माझ्या लिखाणाची एवढी दखल त्याआधी कुणी घेतली नव्हती.

लेख तांबट पक्ष्यावर होता. राधा झाली तेव्हा मी खराडीची नोकरी सोडली. ती दीड वर्षाची झाल्यावर एका पुरवणीत लिहायची संधी मिळाली: आपल्या परिसरातले पक्षी, चारशे शब्द, जमलं तर पुढे दर पंधरा दिवसांनी. नेटवरची माहिती नको, डोळ्यांनी पाहिलेलं द्या, असं संपादकबाईंनी बजावलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे होता एक शेवगा, स्वयंपाकघराच्या बाल्कनीसमोरचा. दुपारी राधा दूध पिता पिता झोपायची. तिचं डोकं माझ्या डाव्या दंडावर, आणि उजव्या अंगठ्यानं मी मोबाईलवर लिहायचे. समोर सुक्या फांदीत एक हिरवा पक्षी चोचीनं भोक कोरत होता. चिमणीहून जरासाच मोठा, कपाळावर लाल टिळा. पुढे ती जोडी आळीपाळीनं आत बसायला लागली. भर उन्हात भोकातून नुसतं डोकं बाहेर काढून बसलेला तो जीव बघितला की वाटायचं, यालाही माझ्यासारखंच हलता येत नाहीये.

मी लिहिलं ते सगळं खरं होतं. फांदी वरून सुकलेली, आतून पोकळ, आणि बरोबर सेक्रेटरींच्या गाडीवर आलेली. शेवटचं तर मी गंमत म्हणून लिहिलं होतं.

सेक्रेटरी म्हणजेच गोळेकाका. लेख रविवारी आला, सोमवारी ते दारात. चपला काढल्या नाहीत, म्हणजे आत यायचं नव्हतं. आपण लेखिका आहात याची आम्हाला कल्पना नव्हती म्हणाले, भाडेकरूंच्या फॉर्मवर तर गृहिणी लिहिलंय. मग फोल्डर उघडून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. फांदी धोकादायक आहे याचा पुरावा लागत होता, तो मी आयता दिला होता. गुरुवारी दुपारी दीडला माणसं येणार होती.

आत पिल्लं आहेत, आठ-दहा दिवस थांबा, असं मी म्हटलं.

"म्हणजे तीही भाडेकरूच की," ते म्हणाले. "नोटीस दिली की निघतात."

जिना उतरताना त्यांना आठवलं की आमचा करार मे महिन्यात संपतो आणि पुढच्या करारासाठी कमिटीचं पत्र लागतं.

रात्री योगेशला सांगितलं. तो चिडला नाही, ते जास्त लागलं. अकोल्याहून आल्यापासूनचं हे आपलं तिसरं घर आहे, एवढंच तो म्हणाला. एका पक्ष्यासाठी चौथं शोधायची त्याच्यात ताकद नव्हती. त्याचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच मी बुधवारपर्यंत गप्प राहिले.

गुरुवारी राधाचा नुकता डोळा लागला होता आणि खाली करवतीचं यंत्र सुरू झालं. ती दचकून उठली, रडायला लागली. तिला तशीच कडेवर घेऊन मी पायऱ्या उतरले. एक माणूस शिडीवर होता. काकांची गाडी लांब नेऊन लावलेली होती. पार्किंगच्या भिंतीवर काकांनीच रंगवून घेतलेली पाटी होती: 'दुपारी १ ते ४ आवाज करू नये. अपवाद नाही. कारणे सांगू नयेत.' मी तिच्याखाली उभी राहिले आणि ती मोठ्यानं वाचली.

काका म्हणाले, पाटी माणसांच्या आवाजासाठी आहे, कामाच्या नाही.

तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडलं. यमुनाबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, वय पंच्याऐंशी. राधा दुपारी रडते म्हणून त्यांच्या दोन चिठ्ठ्या मला आल्या होत्या. दुसरीत 'मूल सांभाळता येत नसेल तर' एवढंच लिहून पुढे टिंबं दिली होती.

"आधी ते मूल गप्प करा," त्या मला म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. काका त्यांच्याच शाळेत शिकलेले. "आणि सीताराम, तू ते यंत्र बंद कर."

"बाई, अहो, पण फांदी..."

"कारणे सांगू नयेत. तूच लिहिलंयस ना? एक ते चार म्हणजे एक ते चार. मूल असो नाहीतर करवत."

काकांचा चेहरा शाळकरी झाला. चारनंतर त्या माणसांना दुसरीकडे काम होतं आणि पुढची मोकळी तारीख दोन आठवड्यांनी. शिडी उतरवली गेली. जाताना काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मे महिन्याचं काय ते मला तिथेच कळलं.

संध्याकाळी यमुनाबाईंकडे शिऱ्याची वाटी घेऊन गेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं. पक्ष्यांशी मला काही कर्तव्य नाही म्हणाल्या, झोपेशी आहे. वाटी मात्र घेतली.

नवव्या दिवशी दुपारी पिल्लू भोकाच्या काठावर आलं. मळकट हिरवं, अजून कपाळ लाल नव्हतं. राधा जागीच होती, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून. ते जरा पुढे झुकलं, मागे गेलं, पुन्हा झुकलं, आणि पलीकडच्या आंब्यात शिरलं. पाठोपाठ दुसरं. राधानं हात पुढे केला आणि तांबटासारखं म्हणाली, "टुक." त्या दुपारी मी काही लिहिलं नाही.

फांदी ठरल्या तारखेला पडली, सकाळी अकराला, नियमात. कमिटीचं पत्र मिळणार नाही असं घरमालकांनी फोन करून कळवलंय. योगेश जेवताना मोबाईलवर घरं बघतो. मला दाखवत नाही.

दुसरा लेख मी परवा पाठवला, शिंजिरावर. तारेला लोंबणारं घरटं, चोचीतून आणलेला कापूस, सगळं त्यात आहे. गल्ली, इमारत, कुणाचं दार, यातलं काही नाही. संपादकबाईंनी विचारलंय, ठिकाण राहिलं का?

राधा झोपली की उत्तर टाकते: पिल्लं उडाल्यावर सांगेन.