कोरी राहिलेली टाच

“टाच मागे टेकव, दोन उड्या मार, आणि बूट पायात हलतोय का ते खरं खरं सांग.”

कोठाराच्या खिडकीतला तो आवाज अजून माझ्या आत घुमतो. त्या दिवशी खरं सांगितलं गेलं असतं, तर आज तुमच्यासमोर मान खाली घालून बोलायची वेळ आली नसती.

मित्रांनो, मी एक जुना लष्करी बूट आहे, डाव्या पायाचा. जाड कातडं, दुहेरी शिवण, जड तळ. अधिकारी घडवणाऱ्या एका प्रशिक्षण केंद्राच्या कोठारात मी आणि माझा उजवा भाऊ बरेच महिने फळीवर पडून होतो. मग एक सडपातळ मुलगी रांगेतून पुढे आली आणि कोठारवाल्या काकांनी आम्हाला तिच्यापुढे ठेवलं.

“तुझं माप संपलंय बघ. हे एक नंबर मोठे आहेत. नको असतील तर चार दिवस कवायत बुडव, नवे मागवतो.”

तिने मागे पाहिलं. चाळीस जण उभे होते. पहिल्याच दिवशी बुटावरून मागे राहायचं?

“बसतात, काका.”

“बसतात, की बसवून घेतेस?”

“बसतात.”

गंमत म्हणजे तिच्या वडिलांचं बूट-चपलांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानातल्या स्टुलावर बसून हीच पोरगी गिऱ्हाइकांना बजावायची, “मोठं माप घेऊ नका हो, पायाची वाट लागते.” आणि स्वतःसाठी तिने मोज्यांवर मोजे चढवले.

ती मला रोज पहाटे नेमाने पॉलिश करायची. थकून हात गळून गेले तरी तो नेम तिने मोडला नाही. कवायतीचे शिक्षक म्हणायचे, “या बुटात बघून भांग पाडावा!” मी फुशारून जायचो. आतमध्ये मात्र तिचा पाय दर पावलाला घसरत होता. आधी टाच सोलली, मग नडगी दुखायला लागली. तिसऱ्या आठवड्यात ती डावं पाऊल नुसतं टेकवल्यासारखं करू लागली. सगळा भार माझ्या भावावर. मला जीभ आहे, पण ती नाडीखाली गप्प पडून राहायची.

बाहेरच्यांना वाटतं, दम नसतो म्हणून उमेदवार अर्ध्यातून घरी जातात. असतात तसेही. कुणी घरच्या आठवणीने जातो, कुणी पेपरात अडकतो, कुणाला चौथ्या दिवशीच कळतं की हे आपलं काम नव्हे, आणि तो सरळ तसं सांगतो. त्याला मी नावं ठेवत नाही. पण कित्येक जण दुखतंय हे सांगायला लाजतात, आणि सांगतात तेव्हा उशीर झालेला असतो.

तिच्या पायाचं गुपित एकीलाच कळलं होतं. शेजारच्या पलंगावरची ती मैत्रीण. नकाशा एकदा पाहिला की तिच्या डोक्यात छापला जायचा, म्हणून तिला सगळे ‘नकाशा’च म्हणत. तीही अगदी धुतल्या तांदळासारखी नव्हती. एकदा उशिरा पोचल्याबद्दल तिला ताकीद मिळाली होती. दुसऱ्यांदा उशीर झाला की घरी, असा नियम होता.

मग जोडीजोडीने नकाशा वाचत चालायची परीक्षा आली; माझ्या मालकिणीच्या जोडीला हीच मैत्रीण होती. शेवटच्या टप्प्यात टेकडी आडवी होती. माझी मालकीण पायथ्याशी बसली आणि मला दोन्ही हातांनी धरून राहिली.

“तू हो पुढे.”

“गप बस. जोडीने निघालो, जोडीनेच पोचायचं. टेकडीला वळसा घालू.”

“तुला उशीर होईल.”

“मग पटपट लंगड!”

चाळीस मिनिटं उशीर झाला. परीक्षक साहेबांनी नकाशाला विचारलं, “सरळ वाट सोडून वळसा का घातलास?” ती बोलली नाही. साहेब माझ्या मालकिणीकडे वळले. “तुला काही सांगायचंय?”

माझ्या आत तिची बोटं आवळली गेली.

“नाही, साहेब.”

दोनच शब्द. ‘दिशा चुकली’ असा शेरा घेऊन नकाशा दुसऱ्या दिवशी गेली, आणि त्या शेऱ्याने तिचा पुन्हा अर्ज करायचा रस्ताही बंद झाला. फाटकाशी माझी मालकीण पुटपुटली, “मी खरं सांगेन. वचन देते.” नकाशा एवढंच म्हणाली, “आधी पाय दाखव, बाई.”

तिने दोन्हीही केलं नाही. नवव्या दिवशी कवायतीत कोसळली, तेव्हा नडगीच्या हाडाला चीर गेलेली दिसली. तिच्या कागदावर मात्र लिहिलं होतं, ‘बरी झाल्यावर पुन्हा येऊ शकते.’ गणवेश परत घेतला. वापरलेले बूट कुणी परत घेत नाही, म्हणून आम्ही तिच्याबरोबर घरी आलो.

पाच महिने आम्ही पलंगाखाली होतो. तिने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पाय बरा झाला, पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा वडिलांनी आम्हाला दुकानात नेलं आणि उलटं करून शेजारी ठेवलं. भावाची टाच पार झिजलेली. माझी टाच जवळजवळ कोरी, पण पुढचं टोक घासून खरवडलेलं. वडील बराच वेळ पाहत राहिले. कोरं राहिल्याची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

“किती दिवस पाय ओढत होतीस?”

“सहा आठवडे, बाबा.”

“आणि कुणालाच कळलं नाही?”

तिचा चेहरा पडला. मग सगळं बाहेर आलं: टेकडी, वळसा, ते दोन शब्द. वडिलांनी हातातली हातोडी खाली ठेवली.

“हे सांगितलंस तर तुलाही परत घेणार नाहीत कदाचित.”

“माहीत आहे.”

“मग?”

तिने माझ्या कोऱ्या टाचेवरून बोट फिरवलं. वडिलांनी मला हातात घेतलं. “टाचा बदलून देऊ? दोन्ही सारख्या करतो.”

“नको, बाबा. अशाच राहू देत. साहेबांना दाखवाव्या लागतील.”

मित्रांनो, आम्हाला पॉलिश करा, उन्हात वाळवा, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण बूट पायाला लागत असेल तर आधी तोंडाने सांगा. तुमच्या न बोलण्याचं ओझं कधी कधी शेजारचा वाहतो.

आज सकाळी तिने साध्या चपला घातल्या. आम्हा दोघांना कापडी पिशवीत ठेवलं, वर नकाशाच्या पत्त्याची चिठ्ठी. वडिलांनी विचारलं, “आधी कुठे?”

“आधी तिच्याकडे. मग तिला घेऊन केंद्रावर.”

दार हळूच ओढून घेत ती निघाली. पिशवीत मी तिच्या गुडघ्याला लागत होतो. तिचं डावं पाऊल जमिनीवर पुरं टेकत होतं.