माझं कशाचं, बाबा?

कोल्हापुरात वकील पद्मजाबाईंच्या ऑफिसात तानाबाईनं आपलाच आवाज ऐकला, आणि तो तिच्यावरच उलटला.

मोबाईलच्या पडद्यावर ती हळदीच्या मांडवात बसलेली. कॅमेऱ्यामागून ऋतुराज नावाचा गाण्याच्या कंपनीचा पोरगा विचारत होता, “आज्जी, हे गाणं कुणाचं?” आणि पडद्यावरची तानाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. “माझं कशाचं, बाबा? आयाबायांचं. लई जुनं हाय.”

“असं का बोललात, मावशी?” वकीलबाईंनी मोबाईल पालथा ठेवला.

“मग काय बोलायचं? चारचौघीत माझं म्हणू व्हय?”

शिरोळकडच्या तिच्या गावात कुणीच तसं म्हणत नव्हतं. रचणारीनं रचायचं आणि कुणी विचारलं की हात झटकायचे. गाण्याला माझं म्हटलं की गाणं गळा धरतं, असं तिच्या आईनं तिला शिकवलेलं. स्वतःचं नाव तर ओवीत घालायचंच नाही. घालायचं ते लेकीचं, भावाचं.

तानाबाईनं लेकीचं घातलं होतं. संयोगिता लग्न होऊन नदीपल्याड निघाली, त्या दिवशी भाकरी थापता थापता ओळी आपसूक आल्या होत्या:

कृष्णामाई, हळू वाहा गं, तुझ्या पाण्यात मिळू दे ठाव
पल्याड गेली संयोगिता, माझ्या जिभंवर तिचं नाव

पुढं महापुराच्या साली संयोगिता बाळंतपणात गेली. रस्त्यावर पाणी, गाडी पोचली नाही. कृष्णामाई हळू वाहिली नाही. पोरीचे फोटो भिजून एकमेकांना चिकटले. उरलं ते गाण्यातलं नाव.

सून क्रांतीनं सासूच्या गाण्यांचा चॅनेल काढला होता. पहिलं गाणं हेच टाकलं. वर्षभरानं ते एका सकाळी गायब झालं. कंपनीनं तक्रार केली होती की गाणं आमचं आहे. त्यांचं गाणं मात्र गावोगावच्या लग्नांत वाजत होतं, ढोल, बासरी लावून. संयोगिताच्या जागी त्यांनी ‘लाडूबाई’ घातली होती.

“लाडूबाई!” तानाबाई म्हणाली. “माझ्या लेकीला काढून कोण ही भवानी बसवली?”

“कायदा तुमच्याच बाजूनं आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “रचेल त्याचं गाणं. कुठं नोंद केली नसली तरी त्याचंच. पण तुम्ही रचलं हे दाखवावं लागेल. आणि तुम्हीच तोंडानं नाही म्हणून बसलाय. रचताना कुणी होतं जवळ?”

“माझी जाऊ. बनाबाई. तवा शेजारच्या चुलीवर तीच होती की.”

क्रांती बनाबाईच्या घरी जाऊन विचारून आली. आली ती तणतणतच. “आत्ती, काकी म्हणती, आमच्या माहेरी बी म्हणत होत्या हे गाणं. कंपनीच्या व्हिडिओत पुढं बसून टाळ्या वाजवतीया न्हवं, आता कशाला बोलंल?”

मग कंपनीकडून निरोप आला. गोडच होता. गाणं पारंपरिक आहे, कुणा एकाचं नाही, एवढं तानाबाईंनी लिहून द्यावं. तक्रार मागं घेऊ, व्हिडिओ परत दिसेल.

“म्हंजे न्हाय म्हटलं तर गाणं परत मिळतंय, आणि माझं म्हटलं तर जातंय?”

“जाईलच असं नाही,” वकीलबाई चष्मा पुसत राहिल्या. “भांडता येईल. वर्षं लागतील. तोवर व्हिडिओ बंदच राहील कदाचित.”

तानाबाईनं बोटांवर मोजलं. वर्षं तिच्याकडं किती होती? आणि तोवर हळदी-हळदीतनं लाडूबाईच नदीपल्याड जात राहणार होती. संयोगिता कुठंच ऐकू येणार नव्हती.

“आण ते पेन,” ती म्हणाली. तिनं सही केली. पोटच्या पोरीला दत्तक देऊन टाकावं तसं तिनं गाणं देऊन टाकलं.

व्हिडिओ परत आला. संयोगिताचं नाव पुन्हा ऐकू आलं. खाली क्रांतीला लिहावं लागलं: पारंपरिक गीत. तानाबाईला वाचता येत होतं, हेच वाईट.

मार्गशीर्षात बनाबाई आली. हातात हळदीकुंकवाचं ताट, तोंडावर हसू.

“उद्या नातीची हळद. इरावतीचं नाव घालून एक नवं दे की गं. तुझ्यावाणी कुणाला जमतंय?”

“तुझ्या माहेरी म्हणत न्हाईत व्हय?”

बनाबाईचं हसू तिथंच वाळलं. “इतकं काय धरून बसलीस, तानाक्का? गाण्याला काय सातबारा असतोय?”

“न्हाय. तेच तर कळलं मला.”

“देणार न्हाईस?”

“माझ्यापाशी हाय कुठं? समदं आयाबायांचं. त्यास्नीच माग.”

बनाबाई ताट तसंच उचलून गेली. जाता जाता पायरीवरून म्हणाली, “लई मोठी झालीस गं मोबाईलवर येऊन!” साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मांडवात स्पीकरवर लाडूबाई लागली. बायकांनी आवाजात आवाज मिसळला. बनाबाईचा सगळ्यांत वर. तानाबाई मागच्या रांगेत बसली होती. घरातलं लग्न, न जाऊन कसं चालेल? इरावतीच्या गालावर हळद चढत होती. पोरगी हसत होती, आणि हसताना तिची मान एका बाजूला झुकत होती, अगदी संयोगितासारखी.

ते बघता बघता तानाबाईच्या जिभेवर एक ओळ आली. नवीकोरी, गुळासारखी. मागून दुसरी आली, यमक घेऊनच. शेजारच्या बाईनं तिचे हलणारे ओठ पाहिले आणि कान पुढं केला. “काय गं, काय म्हणतीस?”

“कुठं काय?” तानाबाई म्हणाली, आणि दोन्ही ओळी गिळून टाकल्या.