कुलूप न लावणारी गल्ली

गावाला सव्वाशे वर्षं झाली म्हणून चर्चच्या तळघरात जेवण होतं. लोरेटा चाळीस वर्षांनी गावात परत आली होती. तिच्या ताटात बटाट्याचं सॅलड वाढता वाढता लहानपणच्या शेजारीण, म्हाताऱ्या हॅल्वरसनबाई, सगळ्यांना ऐकवत होत्या, "आमच्या गल्लीत कुणी कधी कुलूप लावलं नाही हो! दार ढकलायचं आणि आत शिरायचं. टकटक कशाला?"

"खरंय," लोरेटा म्हणाली. "साखर संपली की तुम्ही थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचात."

"यायचेच मुळी! घरचंच होतं ते."

"आणि माझा बाप आईला बडवायला लागला की तुमच्या व्हरांड्यातल्या रेडिओचा आवाज मोठा व्हायचा. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून नूडल्सचं गरम भांडं यायचं. बुडाला तुमच्या नावाची चिकटपट्टी, भांडं परत मिळावं म्हणून!"



"अगं, दुसऱ्याच्या घरात नाक कसं खुपसायचं?" बाई पुटपुटल्या.

लोरेटानं ताट टेबलावर आदळलं.

"दार उघडंच होतं ना, हॅल्वरसनबाई!"