वाफेत उमटणारा हात

मित्रांनो, मी एक जुनी आरशांची पेटी आहे. जळगावच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत इन्फ्रारेड किरणांचं यंत्र आहे, त्याच्या पोटात मला बसवायचे. माझं कागदोपत्री नाव स्पेक्युलर रिफ्लेक्टन्स अ‍ॅक्सेसरी, पण त्या नावाने मला कुणी हाक मारत नाही. माझ्या आत दोन आरसे आहेत आणि माथ्यावर रुपयाएवढी खिडकी. चकचकीत वस्तू त्या खिडकीवर पालथी ठेवायची. यंत्राचा किरण पहिल्या आरशावरून वर जातो, वस्तूच्या अंगावर आपटतो आणि दुसऱ्या आरशावरून परत येतो. हा किरण माणसाला दिसत नाही. वस्तूवर नजरेला न दिसणारा पातळ थर असेल, तर तो किरणाचा थोडा भाग गिळतो. किती आणि कुठला भाग गिळला, यावरून तो थर कशाचा ते कळतं.

मी नवी होते तेव्हा मला फार मान होता. रंग दिलेले पत्रे, डब्यांची झाकणं, मुलामा चढवलेल्या पट्ट्या, किती वस्तूंची तोंडं मी पाहिली! प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या संघमित्रा मॅडम मला दोन्ही हातांनी उचलत. मुक्या वस्तूंच्या अंगावरच्या लेपाचं नाव सांगायचं, एवढंच माझं जग होतं. मग मार्चमधल्या एका दुपारी कामिनी आली.

कामिनी ही मॅडमची धुळ्याला कॉलेजात असतानाची मैत्रीण, लग्न होऊन जळगावात आलेली. तिच्या हातात चादरीत गुंडाळलेला स्टीलचा पत्रा होता.

"आधी दार लाव," ती म्हणाली. "हा गॅसच्या मागे भिंतीला होता. उलथन्याने उचकटून आणलाय. भात शिजायला लागला की यावर नवीनचा हात येतो."

नवीन म्हणजे तिचा नवरा. हिवाळ्यात हायवेवर दुचाकीच्या अपघातात तो गेला होता.

मॅडमनी किटलीत पाणी उकळलं आणि पत्रा वाफेवर धरला. लखलखीत पत्रा धुरकट झाला आणि त्या धुरकटपणात हळूहळू एक पंजा उमटला. मधलं बोट अर्धंच होतं.

"ते बोट मशीनमध्ये गेलं होतं त्याचं," कामिनी पुटपुटली. "साबण झाला, राख झाली, चिंच झाली. पत्रा आरशासारखा होतो. वाफ लागली की हात परत येतो."

"घरचे काय म्हणतात?"

"गिरधरभाऊ म्हणतात, तो हिच्यासाठी येतो. ही घरात आहे तोवर त्याची सुटका नाही. येत्या रविवारी मला साक्रीला माहेरी सोडणार आहेत. आणि पोरीला, पुनमला, ठेवून घेणार. तीन वर्षांची आहे गं ती."

गिरधर हा तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. घरात त्याचा शब्द चाले.

मॅडमनी पत्रा वळवून पाहिला. "मोठा आहे. पंजापुरता तुकडा कापला तर सोपं जाईल."

"कापू नकोस!" कामिनी ओरडलीच. "हात आहे तो त्याचा."

मॅडमनी पत्रा कापायची कात्री बाजूला ठेवली. अख्खा पत्रा आत मावणार नव्हता, म्हणून यंत्राचं झाकण उघडंच ठेवायचं ठरलं. आधी सोन्याचा मुलामा दिलेला आरसा माझ्यावर पालथा पडला. निर्मळ वस्तूवरून किरण किती परततो, त्याचं ते माप. मग पत्र्याचा कोरा कोपरा. तिथे नुसतं स्टील होतं, किरण गेला तसा परतला. मग त्यांनी पत्रा सरकवला आणि तळहाताचा मध्य माझ्या खिडकीवर आणला.

मित्रांनो, वाफ केव्हाच उडाली होती. पंजा कुणालाच दिसत नव्हता. पण तो माझ्या तोंडावर होता. गेलेल्या माणसाचा हात, पालथा, थंडगार. मी किरण वर पाठवला आणि तो कुरतडलेला परत आला. यंत्राच्या पडद्यावर परतलेल्या किरणाची रेघ एका जागी खचली, मग आणखी एका जागी. कामिनी पडद्याजवळ सरकली.

"इथे काहीतरी आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. मग त्यांनी रेघ नीट न्याहाळली. "सिलिकॉन. नवीन कामावर काय करायचा?"

"पाइपांचे जोड बनतात ना, तिथे साच्यावर होता."

"माल साच्याला चिकटू नये म्हणून फवारा मारतात, तो सिलिकॉनचा असतो. हाताला बसला की साबणाने सुटत नाही. पत्र्यावर उतरला की त्या जागी वाफेचं पाणी पसरत नाही, बारीक थेंब होऊन बसतं. म्हणून हात वेगळा दिसतो. हा पत्रा कुणी लावला होता?"

कामिनी खाली बसली. "त्यानेच. कामावरून आला तसाच लावायला घेतला. डिंक धरेपर्यंत हाताने दाबून उभा होता. चहा पाज म्हणत होता."

तेवढ्यात दार धडधडलं. गिरधर आत आला, मागून सासू यशोदाबाई.

"पत्रा कुठे नेला विचारलं तर शेजारच्यांनी इथला पत्ता दिला," गिरधर गरजला. "आता कॉलेजात तमाशा मांडलास?"

मॅडमनी त्याच्यापुढे स्टीलचं एक कोरं ताट धरलं. काचेच्या सांध्यांना लावायचं सिलिकॉनचं ग्रीस त्यांनी त्याच्या तळहाताला चोळलं आणि पुसून घेतलं. "भाऊ, हात टेकवा यावर." तो गोंधळला, पण टेकवला. ताट सगळ्यांसमोर साबणाने धुतलं, पुसलं. ते चकचकीत झालं. मग किटलीची वाफ दिली.

ताटावर गिरधरचा पंजा वर आला. पाचही बोटं पसरलेली, पांढुरकी, अगदी त्या पत्र्यावरच्यासारखी.

गिरधर दोन पावलं मागे सरला. "पण मी तर जिवंत आहे."

"म्हणूनच तुमचा घेतला," मॅडम म्हणाल्या.

यशोदाबाई पुढे झाल्या. त्यांनी पत्रा मागितला, स्वतः वाफेवर धरला. हात आला तशी त्यांनी आपली बोटं त्या बोटांजवळ नेली, पण टेकवली नाहीत. "हाऊ मना नवीनना हात शे. मंग तो खरंच आठे उभा व्हता."

"हो आई, हात त्याचाच, आणि तो तिथे उभा होता. जिवंतपणी. हवं तर हा डाग काढणारं द्रावण आहे माझ्याकडे. एका पुसण्यात जाईल."

"नको पुसू, माय."

कामिनी उठून उभी राहिली. "आई, पुनम?"

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "पोरगी मायपाशीच राही. तू बी कोठेच जाऊ नको. चाल, घर चाल." गिरधरने मान खाली घालून पत्रा चादरीत गुंडाळला. घरापर्यंत तोच घेऊन गेला.

आता नवी पेटी आली आहे आणि मी कपाटात आहे. कुणीतरी माझ्या खिडकीला झाकण न लावताच मला आत ठेवलं. माझ्या आरशांवर धूळ बसते. आरसे पुसता येत नाहीत, ओरखडे पडतात. म्हणून सांगते, मुलांनो, काम झालं की झाकण लावत जा. म्हाताऱ्या यंत्रांनाही दिसायला हवं असतं.

कामिनी कधी भेटायला आली की कपाटाच्या दाराआडून मला तिचं बोलणं ऐकू येतं. पत्रा परत गॅसमागे लावला आहे. भात चढला की यशोदाबाई पुनमला कडेवर घेतात आणि ती वाफेतल्या हातात आपला हात ठेवते. तिच्या हाताची खूण तेवढ्यातच विरते. त्याची राहते.

मित्रांनो, असा हात तुमच्या घरी दिसला तर भीती वाटेल. मलाही वाटली होती. वाटू द्या. पण त्या भीतीपायी जिवंत माणसाला उंबऱ्याबाहेर काढू नका.