शामरावांची हरवलेली झोप

मी एक जुना दिवाण आहे. शिसवाच्या लाकडाचा, खाली पांघरुणं ठेवायची पेटी असलेला. मित्रांनो, माझ्यासारखा एखादा तुमच्याही घरात असेल. माझी गोष्ट थोडक्यात सांगतो.

लखनौमधल्या आलमबागच्या एका सुताराने मला बनवलं. शामराव आणि सुभद्राबाई तेव्हा नागपूरहून बदली होऊन लखनौला आले होते. त्यांनी मला ठेल्यावर घालून महानगर नावाच्या वस्तीतल्या घरी आणलं. शामराव हजरतगंजच्या एका सरकारी कचेरीत होते. घरी आले की हातपाय धुऊन वंदना म्हणायचे आणि दिवेलागणीलाच जेवायला बसायचे. पोळी, वरण, एखादी सब्जी. मग कॉलनीत एक फेरी मारून यायचे आणि माझ्यावर आडवे व्हायचे.

झोपलेला माणूस लाकडाला ओळखू येतो. जागा माणूस एका कुशीवर रुततो. झोपलेल्याचं वजन सगळीकडे सारखं पसरतं. शामराव तसे पसरायचे ते थेट सकाळपर्यंत. पाहुण्यांना सांगायचे, की या दिवाणावर लागते तशी झोप गावाकडच्या बाजेवरही लागली नाही. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

त्यांची मुलगी भावना माझ्यावरच उड्या मारत मोठी झाली. शिकली, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खाजगी कंपनीत लागली. तिची कामाची पाळी उशिरा सुटायची. सुभद्राबाईंना साखरेचा त्रास, त्या वेळेवर जेवून घ्यायच्या. शामराव मात्र लेकीसाठी थांबू लागले. ती म्हणायची, "पापा, आप खा लिया कीजिए, मेरे लिए मत रुकिए." ते मान हलवायचे आणि थांबायचेच.

थांबताना भूक लागायची. मग समोसे, नमकीन, पुन्हा चहा. भावना येताना कधी कबाब-पराठे घेऊन यायची. दोघं माझ्यावर बसून जेवायची, ती मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तरं द्यायची, दोघं हसायची. दिवसभरात बापलेकीचं बोलणं व्हायचं ते तेवढंच. आणि ते संपलं की भरल्या पोटी शामराव तसेच आडवे व्हायचे.

आंबट पाणी घशाशी यायचं. ते खोकत उठून बसायचे, पुन्हा पडायचे, पुन्हा उठायचे. दोष आला माझ्याकडे. सुतार बोलावून माझे खिळे ठोकले, नवी गादी आणली. काही उपयोग झाला नाही. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, की जेवण आणि झोप यांत निदान तीन तास हवेत, रात्री तळलेलं नको, संध्याकाळचा चहा बंद.

शामरावांनी ते ऐकलं. सुभद्राबाईंबरोबर लवकर जेवू लागले, आणि खरंच, त्यांचं वजन पुन्हा माझ्यावर सारखं पसरू लागलं. पण भावना यायची तेव्हा ते झोपलेले असायचे. ती झाकलेलं ताट उचलून मोबाइल बघत आपल्या खोलीत जेवायची. सकाळी ते निघायचे तेव्हा ती झोपलेली.

एकदा ते सुभद्राबाईंना म्हणाले, "अगं, झोप मिळाली, पण पोरगी गेली."

"पोरगी कुठं जात नाही, अहो. तुमची तब्येत जातेय."

शामराव मात्र त्या रात्रीपासून पुन्हा थांबू लागले.

थंडी सरता सरता कचेरीतून येताना स्कूटरवर त्यांचा डोळा लागला. कपूरथला चौकात ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. भावना खूप रडली. तिने पाळी बदलून मागितली, मिळाली नाही. मग ती रोजच त्यांच्या आवडीचं काहीतरी आणू लागली. "पापा, आपके लिए लाई हूँ." सुभद्राबाई नको म्हणायच्या. शामराव तिच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि खायचे.

आता त्यांच्यासाठी डोक्याकडून उचलता येणारी लोखंडी खाट आली आहे. मला बाल्कनीत काढलं आहे. ऊन-पावसाने माझी फळी फुगली आहे, अंगावर रद्दी आणि रिकाम्या कुंड्या आहेत. त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

मित्रांनो, घरात कुणी तुमच्यासाठी उपाशी थांबत असेल, तर त्यांना वेळेवर जेवू द्या. आणि सकाळी थोडं लवकर उठून त्यांच्याजवळ बसा. पोहे खा, बोला. बोलणं रात्रीच्या ताटावरच व्हावं असं कुठे आहे? इतकी साधी गोष्ट, पण या घरात कुणाला सुचली नाही. मला सुचली, तर मला तोंड नाही.

आत भावना डबा उघडते आहे. शामराव आनंदाने म्हणताहेत, "वाढ."